रेघेवर पडला तर

तिसऱ्या रेल्वेगेटाच्या अलीकडे तांबड्या मातीचं कोर्ट.
पाटीवर क्लबचं नाव एका लिपीत,
दुसरी रंगाखालून अजून दिसते, ऊन तिरकं असलं की.
भरमाण्णा कंग्राळकर सकाळी सहाला
गंजक्या गाड्यातून चुना सोडत चालतो.
मी एकावन्नाव्या वर्षी बँक सोडलेली,
भाच्याची रॅकेट घेऊन उभी.

"पयलं पाय," तो म्हणतो.
"रेघेच्या मागं. चेंडू मारूस्तोर रेघेला शिवूचं न्हाई.
आन् समोर न्हाई मारूचा, तिरका.
त्या पलीकडच्या चौकोनात.
एक चुकला तर दुसरा हाय.
दुसराबी चुकला तर पॉइंट तिचा."

ती म्हणजे शिवलीला हुद्दार,
बैलहोंगलची, इथं हॉस्टेलात राहते,
बी. एस्सी. दुसरं वर्ष, पायात भावाचे बूट.
माझा पहिला जाळीत.
दुसरा गेटमनच्या कौलांवर.
"शून्य, पंधरा," भरमाण्णा मला सांगतो,
आणि तिच्याकडे वळून, "सोन्नि, हदिनैदु."
मारणाऱ्याचा आकडा आधी, कोणत्याही भाषेत.

पुढचा चेंडू जाळीला घासला
आणि घुटमळून बरोबर चौकोनात पडला.
"ह्यो धरूचा न्हाई. पुन्यांदा मार."
अठ्ठावीस वर्षं नोकरी केली,
असं मला कुणीच म्हटलं नाही:
घासलं, पण जागेवर पडलं,
चूक नाही, पुन्हा कर.

पंधरा, तीस, चाळीस.
"पंचेचाळीस का नाही?" मी विचारलं. बँकेची सवय.
"पाच साहेब घेऊन गेला," तो म्हणाला,
"जाताना. तवापासून चाळीसच."

टप्पा एकच चालतो. दुसरा पडला की चेंडू मेला.
टप्प्याआधी हवेतच मारलास तरी चालतं,
पण जाळीला हात, पदर, रॅकेट, काही लागता कामा नये.
(पदर नाही, मी ट्रॅकपँट घातलीय.
भरमाण्णा तसं म्हणतो, म्हणून लिहिलं.)

चाळीस–चाळीस. बरोबरी.
आता एका पॉइंटानं भागत नाही,
सलग दोन हवेत.
एक मला, एक तिला, एक तिला, एक मला,
मिरजेची गाडी गेली, गेट उघडलं,
दूधवाले पांगले, आम्ही तिथेच.

मग तिच्या हाती एक जास्तीचा असताना
तो चेंडू आला. लांब, खाली, कोपऱ्यात.
चुन्याचा बारीक धूर उडाला
आणि मी म्हणाले, "बाहेर."

पंच नसला की
आपल्या अंगणातला चेंडू आपणच सांगायचा,
आणि नीट दिसला नाही तर तो समोरच्याचा.
हे त्यानं आधीच सांगितलं होतं.
शिवलीला नुसती बघत राहिली.
भरमाण्णा विडी विझवून आला, वाकला.
अंड्याएवढा ठसा:
थोडा चुन्यावर, बाकी सगळा बाहेरच्या मातीत.

"रेघ आतलीच असतीय बाई.
केसभर शिवला तरी आत."

आमच्या घरात रेघ म्हटली
की जेवताना आवाज चढायचे.
नकाशा कपाटामागे गुंडाळून ठेवलेला,
अप्पा शेवटच्या आजारातही तारीख विचारायचे.
तेही कोर्टच,
फक्त तिथं कुणी वाकून ठसा बघितल्याचं
मला आठवत नाही.
मी हे भरमाण्णाला बोलले नाही.
त्याच्या घरातही नकाशा असेल.

"तुझा," मी म्हणाले. तिला कळलं.
गेम तिचा.

पहिला गेम झाला की बाजू बदलायची,
मग तिसऱ्यानंतर, पाचव्यानंतर.
साहेबानं हे कोर्ट पूर्व-पश्चिम आखलं,
कुणाच्या तरी डोळ्यांवर ऊन येणारच.
इतका वेळ माझ्या होतं.
जाळीच्या खांबाशी आम्ही एकमेकींना वाट दिली,
दोघी एकाच बाजूला सरकलो, मग दोघी दुसऱ्या.

आता मारायची पाळी तिची.
तिनं चेंडू उंच टाकला, डोळे बारीक केले,
आणि भरमाण्णा चुन्याच्या गाड्यावरून ओरडला,
"कालु! कालु नोडव्वा, कालु!"
मला एकही शब्द विचारावा लागला नाही.
मी माझे पाय बघितले.