सराव-सत्र, तार्तू

"प्रश्न विचारल्यावर सात सेकंद थांबा,"
मी सांगतो. "आणि चेहऱ्यांकडे नको,
वरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघा."
हिल्या राउदसेप, मृदाशास्त्र, एकतीस वर्षं,
वहीत लिहून घेतात: सात. ठिपका.
मग हातात नसलेला खडू
दोन बोटांनी मोडतात. सवय.

"आणि बूट?" त्या विचारतात.
"उत्तर येत नसलं की मुलं
आधी बुटांकडे बघतात,
बर्फ वितळून फरशीवर ओल आलेली असते, तिथे.
तेवढ्यावरून मी धडा मागे नेते."
माझ्या पंचवीस स्लाइडांत बूट नाहीत.

सरावाला सहकारीच विद्यार्थी झाले.
गणिताचे उर्मास सर माइक बंद ठेवून
चार मिनिटं मनापासून बोलले.
कुणी हसलं नाही.

मग हिल्याबाईंनी ठिपक्याला विचारलं:
दलदलीतली माती एकदा पुरती वाळली
की पुन्हा पाणी का पीत नाही?

एक. दोन.
याच बाईंच्या वर्गात, शेवटच्या बाकावर
मी तीन हिवाळे काढलेत.
पाच. सहा.
"राहू दे, कारेल," ठिपक्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या,
"मागचं पान उघडू या."

टेबलाखाली बघत होतो खरा.
पायांत नुसते लोकरी मोजे.