राजा एक घर डावीकडे

अजनीचं रेल्वे क्वार्टर, मे महिना,
कुलरच्या पाण्याने पुठ्ठ्याचा पट कोपऱ्यात फुगलेला,
त्यामुळे काळ्याचा एक हत्ती कायम तिरका उभा.
मेश्राम काका म्हणत, पिऊन ड्युटीवर आला आहे.

काका सिग्नलमध्ये होते, छत्तीस वर्षं.
मी बारावी नापास, आणि ड्रॅगन तोंडपाठ.

पांढऱ्याचा किल्लेकोट लांबचा, काळ्याचा जवळचा,
दोन राजे पटाच्या दोन बाजूंना,
मग धावायचं. एवढंच मला कळलेलं.
राजापुढची प्यादी हलवू नयेत म्हणतात,
पण इथे राजा तिकडे गेलेला,
तर इकडची प्यादी मोकाट,
घरी कोणी नसताना पोरं सुटावीत तशी.
एच चार. एच पाच.
मारू द्यायचं ते प्यादं, खुशाल.
प्यादं नकोच आहे, त्याच्यामागची पट्टी हवी आहे,
हत्तीला, इकडून तिकडे, उघडी.

तरी मी हरायचे.
दर वेळी सी-पट्टीवरून तो तिरका हत्ती यायचा
आणि माझ्या घोड्यावर पडायचा.
हत्ती देऊन घोडा! मी हसायचे,
प्याद्याने हत्ती उचलायचे,
आणि चार चालींनंतर बघायचे
तर राजापुढे भिंतच नाही
आणि लांबच्या कोपऱ्यातला उंट
कर्णावरून सरळ माझ्या स्वयंपाकघरात डोकावतोय.

"काहून पळून राहिली व?" काका म्हणाले.
"पळाले नाही सांगितलं मी. मोजाले सांगितलं."
मग दोन काड्यापेट्या घेतल्या त्यांनी.
ही इटारसीहून. ही गोंदियाहून.
"दोन्ही निघाल्या. थांबवता येत नाही.
तुह्या गाडीले किती मिनिटं, त्याच्या गाडीले किती?
अन् एक मिनिट कमी पडलं, तं ते कुठून आणशीन?"

मी पटाकडे बघत बसले.
कुलरची मोटर दोनदा अडकली, काकांनी दोनदा थोपटली.
मग मी राजा उचलला
आणि एक घर डावीकडे ठेवला.
काही मारलं नाही. शह नाही, धमकी नाही.
फक्त सी-पट्टीवरून बाजूला, कडेच्या प्याद्याला लागून.
अख्खी चाल घालवली,
आणि हत्ती घोड्यावर पडला तेव्हा
पहिल्यांदा मला घाम आला नाही.

काका काही बोलले नाहीत.
माठातलं पाणी प्यायले, मलाही दिलं.

डिसेंबरात धरमपेठेत स्पर्धा. समोर गोंदियाची
पल्लवी डोंगरवार, दोन स्वेटर घातलेली.
तोच ड्रॅगन. मी राजा डावीकडे नेला.
तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं,
आणि तीही थांबली. मोजायला लागली.

एकतिसाव्या चालीला मी मात.
तिची मात माझ्या हातात होती, पुढच्याच चालीला.

काकांना फोन केला. एक मिनिट, म्हटलं.
"कोणचं मिनिट, ते सापडलं का?"

अजून शोधते आहे. स्कोअरशीट पर्समध्ये आहे,
बाविसाव्या चालीवर तर्रीचा डाग,
खाली काय लिहिलंय ते दिसत नाही.