डाँकीमन

कार्डिफच्या गोदीतली यादी, एप्रिल एकोणीसशे अकरा.
आगबोटीचं नाव शाईत विरघळलेलं,
आणि चौथ्या ओळीत
'तांडेल, जी.' वय तीस. जन्म बॉम्बे.

आमचं आडनाव हाच मुळात हुद्दा,
खलाशांचा मुकादम, शीड सोडा म्हणणारा.
कारकुनाने तो नावाच्या रकान्यात घातला
आणि हुद्द्याच्या रकान्यात
एक जनावर बांधलं.

आधी मी वाचलं मंकीमन.
मग भिंग आणलं, डीचं पोट सापडलं.
डाँकीमन.
गाढववाला.

"समुद्रात गाढवं?" आई फोनवर म्हणाली,
तिच्यामागे हर्णैला मासळीचा लिलाव चढत होता.
"अगं, तुझे पणजोबा कप्तान होते. पांढरा कोट होता त्यांचा.
बटणं अजून आहेत डब्यात."
बटणं मी पाहिलीत. पाच आहेत,
त्यातली दोन वेगळ्या जातीची.

निशिकांतने सगळ्या भावंडांना लिहिलं, 'अडला हरी',
पुढचं लिहिलं नाही,
नुसती हसणारी तोंडं टाकली.

आठवडाभर मी गाढवं वळली.
गोदीच्या उतारावर, ओल्या दगडांवर,
पाठीवर कोळशाच्या गोणी,
मागून एक काळा किडकिडा माणूस
त्यांना कोकणीत शिव्या देतोय, त्यांना त्या कळतायत.
पण पागोळी आणि डोलकाठी सोडून
कशाला हात न लावलेला हा माणूस
जनावर हाकायला कधी शिकला?

त्याआधीच्या यादीत तो 'ट्रिमर' होता.
वय तेव्हाही तीसच.
कुणी विचारलं की तीस सांगत असेल, तोंडात बसलेला आकडा.
"केस कापत असतील," आई म्हणाली,
आणि तेही तिला नको होतं.

जानेवारीत घरातला बॉयलर बसला.
दुरुस्तीला गेथिन आला, गुडघ्यांवर, दातांत टॉर्च धरून.
चहाचा कप ठेवायला त्याने कागद सरकवला, वाचला,
आणि हसला, पण आमच्यासारखा नाही.
"माझ्या आजोबाचा बाप. बॅरी डॉकला. हाच धंदा."

बोट बंदराला लागली की मोठ्या भट्ट्या विझवतात.
(आगबोटीची नुसती बोट होते, मी मनात म्हटलं.)
मग एक बारका बॉयलर, एक बारकं इंजिन,
त्याच्यावर याऱ्या चालतात, पंप चालतात.
त्याला डाँकी म्हणायचे. का, ते गेथिनला ठाऊक नव्हतं.
ओझी उचलतं म्हणून असेल.
"बाकीचे दारू प्यायला उतरतात.
त्याला उतरता येत नाही, पाणी खाली गेलं की फुटतं ना."

आणि ट्रिमर?
त्याने हातानेच दाखवलं,
कोठारात, अंधारात, फावड्याने कोळसा सारखा करणारा,
बोट एका अंगाला कलू नये म्हणून.
"तिथून वर चढला तुमचा माणूस," तो म्हणाला,
आणि कुठलासा नट आवळला.
नळ्यांमध्ये पाणी गुरगुरायला लागलं.

रात्री मी यादी पुन्हा काढली.
रविवार होता तो. बोटीवर चौघेच:
दुय्यम अधिकारी, पहारेकरी, स्वयंपाक्याचा पोरगा
आणि तो.
चाळीस माणसांची बोट असेल. बाकीचे
ज्या खाटेवर झोपले तिथे मोजले गेले असतील,
किंवा नसतील.

"म्हणजे इंजिनिअर," आई म्हणाली,
आणि फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं.
मी दुरुस्त केलं नाही.
कप्तान तरी कुठे होता त्या रात्री बोटीवर?

कोटाचं मात्र अजून कळलेलं नाही.
कोळशाजवळचा माणूस पांढरं कशाला घालेल?
आईला म्हटलंय, बटणांचा फोटो पाठव,
मागच्या बाजूचा.