धनेगावचं पाणी

लातूरच्या धावपट्टीमागं, पत्र्याच्या शेडात
एसी अठरावर ठेवून आम्ही आभाळ चालवतो.
रात्रपाळीला मी आणि गडी.
गडी म्हणजे शत्रूचं विमान उडवणारी अक्कल.
कागदोपत्री नाव निराळं, आकड्यांचं;
हे नाव जनरेटरवाल्या कदीरमामूंनी ठेवलेलं.

गडी झोपत नाही.
रात्रीतून चार हजार वेळा मरतो
आणि पहाटे चहा येईस्तोवर
मरणातून घ्यायचं ते घेऊन बसलेला असतो.

खालची जमीन आपलीच:
मुरुड, कळंब, मांजरेची वळणं.
माणसं तेवढी नाहीत. ज्वारीवर पाखरं नाहीत.
फोटो दुष्काळाच्या सालचा, म्हणून धरण कोरडं,
तळाला भेगा, मधोमध एक पालथी होडी.
पण उंचीचा तक्ता भरल्या धरणाचा.
चित्रात पाणी नाही,
हिशोबात आहे.

सुरुवातीला गडी त्या खोलगटात सूर मारायचा
आणि न दिसणाऱ्या पाण्यावर फुटायचा.
सहाशे बारा वेळा. मी मोजलंय.
मग तिथं खाली उतरेनासाच झाला.
कुणी शिकवलं नव्हतं.

कॅडेट अल्फिया सौदागर सतरा वेळा हरली.
साहेब म्हणाले, हात मंद आहे.
ती काही बोलली नाही, तोंड धुऊन आली.
अठराव्यांदा, गडी शेपटीला लागलेला असताना
तिनं नाक धरणाकडं वळवलं,
आणि भेगांच्या खूप वर, कुठल्याशा रेषेवर
विमान धरून ठेवलं,
पोहणाऱ्याच्या हनुवटीला लागते तशी
पाण्याची कड पोटाला लावून.

गडी वरच घुटमळला.
एक घिरटी. दुसरी.
तिसरीत तिनं त्याला गाठलं.

"पाणी कुठवर आहे, तुला कसं कळलं?"
"धनेगावची आहे सर.
जुनी वस्ती आमची खालीच राहिली.
धरण भरलं की दर्ग्याच्या तिसऱ्या पायरीला लागतंय."

सकाळी अहवाल लिहायला बसलो.
दोष: एका ठिकाणी उंची सोडत नाही.
उपाय: चित्र आणि तक्ता जुळवून घेणे,
मग पहिल्यापासून शिकवणे.
भीतीला रकाना नव्हता.
'दोष' खोडलं, परत लिहिलं.

कदीरमामू कप ठेवून पडद्याकडं बघत उभे राहिले.
"गडी तिथंच का फिरायलाय?"
कोरड्या धरणावर तो अजून चकरा मारत होता,
खाली न येता.
मी म्हटलं, पाणी आहे मामू तिथं.
मामूंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.