पेडवा

आगबोट हर्णैला लांबच थांबायची.
पडावातून उतरावं लागे गुडघाभर पाण्यात.
बापूस उतरला तो बुटांसकट, आये सांगायची,
डोक्यावर पत्र्याची ट्रंक,
आणि घरच्यांकडे न बघता
वाळूत सोडलेल्या कुणाच्या तरी बैलाचा
खूर उचलून बघत बसला.
बैलवाला म्हणाला,
"मेला की बोलावीन तुला. आत्ता सोड."

ट्रंकेत कागद होता, अजून आहे.
सिपाही राघो सोना मर्चंडे.
धंदा : ड्रेसर, जनावरांचा दवाखाना.
वागणूक : फार चांगली.
आंजर्ल्याच्या आमच्या वाडीनं
जनावर ओढलं होतं पिढ्यान्‌पिढ्या,
पण ते थंड झाल्यावर.
बापूस तीन वर्षं बर्म्यात
गरम जनावरांना हात लावून आला.

खेचर आमच्याकडे कुणी बघितलेलं नाही.
बापूस सांगायचा,
अंग घोड्याचं, कान गाढवाचे,
स्वभाव तुझ्या मोठ्या आत्याचा.
खुरावर नंबर डागलेला असे.
साहेबाच्या वहीत नंबर,
ह्याच्या तोंडात नावं :
बांगडा, ढोमा, मांदेली, सौंदाळा.
सगळ्यांत बारीक तो पेडवा,
ह्याच्या खिशातला गूळ हुंगत मागं मागं फिरायचा.

मग हुकूम आला.
खेचरांचा आवाज काढायचा.
बापसाला वाटलं, ओरडायला लावायचंय.
तसं नव्हतं.

रानात दुश्मन कान देऊन बसलेला.
औषधाचा फडका नाकाशी, मान ह्याच्या मांडीवर,
डॉक्टरसाहेब कापायचे,
पुसायचं ह्यानं.
दिवसाला वीस, कधी पंचवीस.
शुद्धीवर येताना ती मान ताणायची,
सगळे दात दाखवून तोंड उघडायची,
आणि आतून नुसता वारा.
"पेडव्यानं माझ्याकडं बघून तोंड उघडलं."
एवढं सांगून बापूस विडी शोधायला लागे.
पेडवा पुढं कुठं गेला,
नदीत की दरीत,
आम्ही विचारलं नाही असं नाही.

परत आल्यावर तो एकदाच गेला
हर्णैच्या लिलावाला.
संध्याकाळची वेळ, वाळूवर ढीग,
वरची मासळी अजून जिवंत,
तोंड उघडतेय, मिटतेय.
रिकामी टोपली घेऊन घरी आला.
त्यानंतर समुद्राकाठच्या ह्या माणसानं
कुळथाच्या पिठीवर जन्म काढला.
वाडी हसायची.
राघो लढाईवर गेला न बामण होऊन आला.

मी आठ वर्षांची असेन.
खोती कायद्यानं गेली होती, तरी खोत खोतच.
शिमग्याच्या आधी एका रात्री त्यांचा गडी आला,
गाय अडलीये, राघोला चल म्हणावं,
मागच्या अंगानं.
कंदील माझ्या हातात होता.
बापसानं खांद्यापर्यंत साबण चोळला,
डोळे मिटून हात आत घातला,
आणि कुणाशी तरी हळू बोलत राहिला,
हिंदुस्थानीत.
खोत गडग्यापाशी उभे, धोतर सावरून.
वासरू आडवं होतं. मग सरळ झालं. मग पडलं,
आणि केवढ्यानं हंबरलं!

खोतीणबाई पडवीतून म्हणाल्या,
"झालं ना? ऊठ, जा आता.
शेरभर तांदूळ देते सकाळी, फाटकाबाहेरून ने."
बापूस उठेना.
शेणात मांडी घालून बसलेला,
कोपरापर्यंत रगत वाळत आलेलं.
"ओरडू दे जरा," म्हणाला.
"अरे, गाय चाटतेय त्याला, आता कशाला ओरडेल?"
"ओरडू दे."
माझा हात भरून आला कंदील धरून धरून.
उजाडेपर्यंत आम्ही तिथंच.
नंतर त्या घरानं गोमूत्र शिंपडलं असेल,
तांदूळ मात्र चांगले होते.

मी मासळी खाते.
पेडवे तर आवडतात, तिरफळं घालून.
साफ करायला बसले
की डोकी आधी काढते.