पानाचं झाड

शाळेची जुनी पिवळी मिनीबस
भंगाराच्या भावात घेतली ह्यांनी.
चांदसाब वेल्डरनं आतली बाकडी कापून काढली,
एका अंगाला झोपायला फळी,
दुसऱ्या अंगाला ओटा, दीड हाताचा.
खिडक्यांना चादरी, मोराच्या.
काठाला विणीत चूक राहिलेल्या,
म्हणून ह्यांना कारखान्यातनं फुकट मिळालेल्या.

'विद्यार्थी वाहतूक' ही अक्षरं
घासूनसुद्धा गेली नाहीत.
विडी घरकुलातनं निघालो तेव्हा
पोरं मागं पळाली, दप्तराशिवाय.

मी बरणीभर शेंगाचटणी घेतली,
कडक भाकरीची चवड,
आणि सवयीनं सूप. कात्री पण.
हे म्हणाले, सुट्टीला निघालीस का कामाला?
मी उत्तर दिलं. ह्यांना ऐकू आलं नाही.
बत्तीस वर्षं मागाशेजारी उभं राहून
कान तिथंच ठेवून आलेत.

मंगळवेढ्यापर्यंत काळी रानं, मोकळी.
सांगोल्यात डाळिंबं.
मिरजेला पंपामागं झोपलो,
रात्रभर ट्रकवाले दार वाजवून विचारत होते
चहा आहे का.

सत्तेचाळीस वर्षं पानं कापली मी.
पान यायचं गोणीतनं.
भिजवायचं, फर्मा ठेवायचा, कापायचं.
गोणीवर शिक्का असायचा ठेकेदाराचा.
झाड कुणी दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.
म्हणून राधानगरीच्या पुढं
दोन्हीकडनं हिरवा अंधार गाडीला घासायला लागला
तशी मी फळीवरनं उठले,
दाराशी बसले,
आणि नातेवाइकाला स्टेशनावर शोधावं तसं
एकेक झाड बघत राहिले.

नाक्यावर वनखात्याचा पोरगा होता.
विचारलं, बाबा, टेंभुर्णी कुठं दिसंल?
त्यानं नंबरप्लेट बघितली.
"मावशी, टेंभुर्णी तर तुमच्याच जिल्ह्यात.
पुण्याच्या रस्त्याला. मागं राहिली."
हसलो. हे पण हसले, आमची तोंडं बघून.
मग म्हणाला, झाड होय?
विडीचं पान लांबनं येतं हो,
भंडारा, गडचिरोली, त्याच्याही पलीकडनं.
हे जंगल वेगळं.

वेगळं तर वेगळं.
तरी फोंड्याचा घाट उतरेपर्यंत
मी दार लावलं नाही.

समुद्राला पोचलो रात्री.
गणपती उठून आठ दिवस झालेले,
होड्या अजून वर ओढलेल्या,
किनाऱ्यावर आमच्याशिवाय दिवा नाही.
दिसत काहीच नव्हतं. नुसतं आदळणं.
मी घाबरले, खरं सांगते.
हे मात्र उठून बसले,
तळहात गाडीच्या पत्र्याला लावला,
आणि म्हणाले, कुणाचा तरी माग चालू आहे.
एवढ्या रात्री?
मी चादर बाजूला केली, बोट दाखवलं.
खाली उतरले, अंधारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले
फोरमनसारखे.
बऱ्याच वेळानं विचारलं,
ह्याचं बटण कुठं असंल?

सकाळी वाळूच्या वर एक झाड होतं,
जाड पानाचं, चकचकीत.
नाव विचारायला माणूस नव्हता.
एक पान तोडलं.
फर्मा आणला नव्हता, नजरेनंच कापलं,
सुताइतका फरक नाही.
वळायला गेले तर वळेना.
बोट सुटलं की उघडायचं.
तीनदा वळलं. तीनदा उघडलं.
मग सुपात ठेवून दिलं तसंच,
आणि भाकरी चुरायला बसले.

आता बस गल्लीत उभी आहे,
पोरं आत शाळा-शाळा खेळतात.
हे रोज एकदा पत्र्याला हात लावून बघतात.

सोमवारी माल द्यायला गेले.
छाट काढता काढता मुकादम थांबला,
विडी बोटांत चोळली.
"राजव्वा, तंबाखूत वाळू आलीय."
असंल, म्हटलं.
त्यानं सहा विड्या कमी धरल्या.