भिंत

पहिल्या दिवशी आरुस्याकबाईंनी मला कॉफी दिली,
जर्दाळूचा मुरंबा दिला
आणि खांद्याचं सोडून सगळं विचारलं:
पगार किती, आई कुठली, लग्नाचं काय.
मग माझी रिकामी पिशवी पाहून म्हणाल्या,
"डंबेल कुठंयत तुझे?"

डंबेल कशाला, म्हटलं, भिंत आहे ना.
तळवे टेका, छातीच्या उंचीवर.
कोपरं जराशी वाकवा. आता ढकला,
सगळा जोर नको, निम्मा पुरे.
श्वास कोंडायचा नाही,
मोठ्यानं मोजा, म्हणजे तो सुटत राहील.

त्या उभ्या राहिल्या, भिंतीपासून दोन हात लांब.
ग्युमरीचा काळा दगड, वर नवा चुना,
खिळ्याला एक कॅलेंडर.
तळवे वर गेले आणि हवेतच थांबले.

"पडली तर?"

मी हसणार होते.
मग आठवलं, त्या मोज्यांच्या कारखान्यात होत्या,
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, सकाळच्या पाळीला.
माझा जन्म त्यानंतरचा.
मला तो महिना फक्त थडग्यांवरच्या तारखांतून ठाऊक.

"तेव्हापासून पाठ टेकली नाही मी कुठल्याच भिंतीला,
पलंगसुद्धा खोलीच्या मधोमध," त्या म्हणाल्या,
जसं कुणी सांगावं, मला वांगी चालत नाहीत.

पडणार नाही, असं मी बोलून गेले.
कशाच्या बळावर, कोण जाणे.
आमच्या पुस्तकांत स्नायू आहेत, सांधे आहेत,
दगडांविषयी एक ओळ नाही.

"मग तू आधी ढकल."

मी ढकललं.
जरा वेळानं माझ्या हातांशेजारी आणखी दोन हात आले,
सुरकुतलेले, एका नखावर पीठ.
मेक, येरकु, येरेक...
सातला त्यांचे दंड थरथरू लागले,
आठला माझेसुद्धा.
दहाला सोडलं.

"काहीच हललं नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या.
हलायचं नसतंच, हेच काम.
"अस्सं! कारखान्यात जोड मोजून पगार द्यायचे.
तिथं असतं हे, तर उपाशी मेलो असतो."

दिवसाआड गेले. बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं.
तिसऱ्या आठवड्यात दार उघडंच होतं.
त्या आत, भिंतीला तळवे लावून,
मोजता मोजता तिला काहीबाही सुनावत होत्या.
मान न वळवता म्हणाल्या,
"मागच्या वेळी बारा. आज अठरा.
आणि ही बया बघ,
अजून इथंच."